पांजरपोळ : ज्यांना कोणी नेत नाही त्यांचे घर



मराठीत 'पांजरपोळ' हा शब्द आपण बहुधा चेष्टेनेच वापरतो. एखाद्या कचेरीत बिनकामाची माणसे भरलेली दिसली की "ही कचेरी आहे की पांजरपोळ?" असे सहज तोंडातून निघते. शब्दाचा खरा अर्थ मात्र साधा आहे. म्हातारी, लंगडी, आजारी, मालकाने सोडून दिलेली जनावरे मरेपर्यंत सांभाळण्याची जागा म्हणजे पांजरपोळ. ज्याचा कोणाला उपयोग उरलेला नाही, त्याला इथे ठेवून घेतात. आपण ज्याची चेष्टा करतो, तेच त्या जागेचे काम आहे.

आजच्या लेखात आम्ही कुत्र्यांविषयी लिहिणार आहोत. त्यातही अशा कुत्र्यांविषयी, ज्यांना रस्त्यावरून किंवा छळातून सोडवले जाते, पण पुढे कोणी घरी नेत नाही. मागचे पाय लुळे पडलेली, आंधळी, माणूस दिसताच थरथरणारी, चावणारी, फार म्हातारी झालेली. गोजिरवाण्या पिल्लाला घर मिळते, यांना मिळत नाही. यांचे पुढे काय करायचे? हा प्रश्न आजचा नाही. त्याचा माग काढत गेलो तर आपण चारशे वर्षे मागे जातो, आणि वाटेत आपल्या ओळखीची माणसेही भेटतात.

खंभातचे दवाखाने

'ख्रिस्तपुराण' लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स आपल्या सर्वांना ठाऊक आहेत. १५८३ मध्ये राल्फ फिच नावाचा एक इंग्रज व्यापारी आपल्या सोबत्यांसह गोव्यात पोर्तुगीजांच्या कैदेत पडला. तेव्हा त्यांना जामिनावर सोडवण्यासाठी फादर स्टीफन्स यांनी मदत केली. फिच पुढे गोव्यातून निसटला, हिंदुस्थानात पुष्कळ फिरला आणि मायदेशी परतल्यावर त्याने आपला वृत्तांत सांगितला. त्यात खंभातविषयी तो म्हणतो की तिथले लोक कोणताच जीव मारत नाहीत, आणि लंगड्या कुत्र्या-मांजरांसाठी व पाखरांसाठी तिथे दवाखाने आहेत. म्हणजे 'लंगडे कुत्रे' हा शब्द घेऊनच या इतिहासाचा एक जुना दाखला आपल्यासमोर येतो.

वडोदऱ्याच्या मराठी ख्रिस्ती मंडळींना खंभात काही परके नाही. तिथेच १६२३ मध्ये रोमचा एक उमराव, पिएत्रो देल्ला वाल्ले, येऊन गेला. तो स्वतःला 'यात्रेकरू' म्हणवी, कारण यरुशलेमची यात्रा करून तो पुढे निघाला होता. इराणात त्याची तरुण पत्नी वारली होती. तिचे शरीर रोमला नेऊन पुरायचे म्हणून तिची शवपेटी तो बरोबर घेऊन हिंडत होता. असा हा दुःखी माणूस खंभातला पाखरांचा दवाखाना पाहायला गेला.

त्याने काय पाहिले? आजारी व लंगडी पाखरे तिथे होती. बरी झालेली रानटी पाखरे सोडून देत. माणसाळलेली असली तर एखाद्या धर्मशील माणसाच्या घरी सांभाळायला देत. एका पेटीत कापसावर उंदराची काही पोरकी पिल्ले ठेवली होती. पांढऱ्या दाढीचा, नाकावर चष्मा लावलेला एक वृद्ध गृहस्थ त्यांना पाखराच्या पिसाने दूध पाजत होता. ती इतकी लहान होती की दुसरे काही खाऊच शकत नव्हती.

शेजारी शेळ्या-मेंढ्यांसाठी दुसरी जागा होती. तिथे देल्ला वाल्लेला जनावरांमध्ये एक माणूस दिसला. चोरीबद्दल त्याचे दोन्ही हात तोडलेले होते. तो मुसलमान होता. दवाखाना चालवणारे त्याच्या धर्माचे नव्हते. आता हा पोट कसे भरणार, म्हणून त्यांनी त्याला आत घेतले होते आणि त्याला काही कमी पडू देत नव्हते.

बंधुभगिनींनो, या प्रसंगापाशी आपण क्षणभर थांबावे. या दवाखान्यात तीन वाटा होत्या. जो बरा होईल त्याने मोकळे व्हावे. ज्याला घर मिळेल त्याने घरी जावे. आणि ज्याला यातले काहीच शक्य नाही त्याने तिथेच राहावे. पहिल्या दोन वाटा आजच्या प्रत्येक प्राण्यांच्या निवाऱ्यात असतात. तिसरी वाट असते की नाही, यावरच पुढचा सगळा इतिहास फिरतो.

मुंबई, १८३२

आता दोनशे वर्षे पुढे येऊ. कंपनी सरकारच्या मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचा कायदा १८१३ पासून होता. १८३२ मध्ये त्याची अंमलबजावणी फार जोरात सुरू झाली. कुत्र्यामागे बक्षीस असल्यामुळे मारेकऱ्यांचा उत्साह वाढला आणि लोकांच्या दारातली, पाळलेली कुत्रीही सुटेनात. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक मान आहे. मृताच्या अंत्यविधीत प्रेताला कुत्र्याची दृष्टी घडवण्याची त्यांची जुनी प्रथा आहे. ६ जून १८३२ रोजी, त्यांच्या एका पवित्र दिवशीच, कुत्री मारणारे शिपाई आणि पारशी जमाव यांच्यात मारामारी जुंपली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला. यात हिंदू आणि जैन व्यापारीही सामील झाले. शेवटी लष्कर बोलवावे लागले, धरपकड झाली, खटले चालले. मुंबईच्या इतिहासात ही 'कुत्र्यांची दंगल' म्हणून नोंदली गेली आहे.

दंगल शमली, पण कुत्र्यांचे काय? मारायचे नाही तर ठेवायचे कुठे? सर जमशेटजी जीजीभाई यांनी जैन व इतर व्यापाऱ्यांच्या साह्याने १८३४ मध्ये मुंबईची पांजरपोळ काढली. भुलेश्वरात ती आजही आहे. खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर स्वेच्छेने लागा बसवून घेतला. कापसाच्या गासडीमागे, साखरेच्या गोणीमागे थोडीशी रक्कम या मुक्या जनावरांसाठी बाजूला पडू लागली.

हा लागा आम्हाला दंगलीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. दया एका दिवसाची असेल तर तिला वर्गणी पुरते. जनावर मरेपर्यंत सांभाळायचे असेल तर दरवर्षी, न चुकता येणारा पैसा लागतो, आणि हे त्या व्यापाऱ्यांना बरोबर कळले होते.

पांजरपोळींवर टीकाही झाली आणि ती सगळी खोटी नव्हती. जनावर मारायचे नाही एवढाच नियम पाळला, पण चारा, वैद्य आणि जागा यांची सोय केली नाही, तर ते जनावर मरत नाही आणि धड जगतही नाही. एकोणिसाव्या शतकात अनेक युरोपीय पाहुण्यांनी हेच बोट ठेवले. पुढे बहुतेक पांजरपोळी गुराढोरांच्याच झाल्या. ज्यांच्यामुळे मुंबईची पांजरपोळ उभी राहिली ती कुत्री मागे पडली.

लंडनचे 'तात्पुरते' घर

त्याच काळात इंग्लंडमध्येही प्राण्यांची दया मूळ धरत होती, आणि त्यात धर्मगुरूंचा वाटा मोठा होता. १८२४ मध्ये लंडनला प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध पहिली संस्था निघाली. तिचे पहिले चिटणीस रेव्हरंड आर्थर ब्रूम हे अँग्लिकन धर्मगुरू होते. संस्थेच्या कर्जापायी त्यांना तुरुंगातही जावे लागले. मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे जो लागा होता तो या बिचाऱ्या पाळकाकडे नव्हता.

१८६० मध्ये मेरी टील्बी या बाईंनी लंडनच्या हॉलोवे भागात बेवारस कुत्र्यांसाठी घर उघडले. त्यांचे भाऊ, रेव्हरंड एडवर्ड बेट्स, या कामात त्यांच्या सोबत होते. वर्तमानपत्रांनी टिंगल केली. माणसे उपाशी असताना कुत्र्यांसाठी घर कशाला, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. बाई १८६५ मध्ये वारल्या, पण घर टिकले. १८७१ मध्ये ते बॅटर्सी येथे गेले आणि आज त्याच नावाने जगभर ओळखले जाते.

त्या घराचे पहिले नाव लक्ष देण्यासारखे आहे : 'हरवलेल्या व उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरते घर'. नावातच 'तात्पुरते' होते. मालक आला तर त्याने न्यावे, नाहीतर नवा मालक मिळावा, अशी ती योजना होती. पण पोलिसांनी पकडलेली कुत्री हजारोंनी येऊ लागली, पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती शहरभर होती, आणि न्यायला कोणी न आलेल्यांसाठी जागा नव्हती. १८८४ मध्ये तिथे अशा कुत्र्यांना वायूने मारण्याची खास खोली बांधली गेली. ती बांधणाऱ्यांचा हेतू वेदना कमी करण्याचा होता, हे मान्य करायला हवे. तरीही खंभातची तिसरी वाट इथे बंद झाली. पुढे पाश्चात्त्य देशांतल्या बहुतेक निवाऱ्यांनी हाच नमुना घेतला : ठराविक दिवस वाट पाहायची, आणि मग जागा मोकळी करायची.

युटातली बावीस कुत्री

हा नमुना बदलावा असे मानणाऱ्या काही लोकांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात, कॅनॅब गावाजवळच्या लाल खडकांच्या दरीत, 'बेस्ट फ्रेंड्स' नावाचा प्राण्यांचा आश्रम उभारला. त्या आश्रमाची खरी कसोटी २००७ मध्ये लागली.

त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये व्हर्जिनिया राज्यात मायकेल विक या नामांकित फुटबॉलपटूच्या जागेवर धाड पडली. तिथे पिट बुल जातीच्या कुत्र्यांच्या झुंजी लावल्या जात. नीट न झुंजणाऱ्या कुत्र्यांना हालहाल करून मारले जाई. पन्नासच्या आसपास पिट बुल जप्त झाली. विकने गुन्हा कबूल केला आणि डिसेंबरात त्याला २३ महिन्यांची शिक्षा झाली.

झुंजीतली कुत्री तोवर न्यायालयाच्या लेखी पुरावा असत. खटला संपला की पुरावा नष्ट करत. या वेळीही तसेच व्हावे असे प्राण्यांसाठी काम करणाऱ्या दोन मोठ्या संस्थांनी सांगितले. त्यांचे म्हणणे आपण हसण्यावारी नेऊ नये. ही कुत्री धोक्याची आहेत, आणि यांच्यावर जो खर्च होईल त्यात कितीतरी साधी, गरीब कुत्री वाचतील, असा त्यांचा हिशेब होता.

न्यायालयाने दुसरी वाट धरली. तज्ज्ञांनी एकेक कुत्रे वेगळे तपासले. स्वभाव सुधारण्यापलीकडे गेला म्हणून फक्त एकालाच मृत्यू द्यावा लागला. रेबेका हस या कायद्याच्या प्राध्यापिकेला कुत्र्यांची पालक नेमले गेले. आणि विकने कुत्र्यांच्या संगोपनासाठी ९,२८,०७३ डॉलर भरावेत असा हुकूम झाला. ज्याने इजा केली त्यानेच जन्मभराच्या औषधपाण्याचा भार उचलावा, यात आम्हाला जुन्या करारातल्या भरपाईच्या नियमांची आठवण होते.

४७ कुत्री निरनिराळ्या संस्थांकडे गेली. सर्वांत अवघड समजली गेलेली २२ कुत्री जानेवारी २००८ मध्ये युटाला आली. काही माणसाच्या पावलाच्या आवाजाने जमिनीला चिकटून पडत. काहींना दुसरे कुत्रे दिसलेले सोसत नसे. काळ गेला तशी त्यांतल्या अनेकांना पुढे घरे मिळाली. 'हे कुणाच्या घरी राहूच शकणार नाही' असा शेरा ज्यांच्यावर होता, ती घराच्या सोफ्यावर झोपू लागली.

दोघांना मात्र घरी जायची परवानगी न्यायालयाने कधीच दिली नव्हती. लुकास हा झुंजीतला विजेता. त्याच्या तोंडावर जुन्या जखमांचे वण होते, पण माणसांवर त्याचा फार जीव. मेरिल ही कुत्री अनोळखी माणसांना भिऊन अंगावर जाई. या दोघांनी मरेपर्यंत आश्रमातच राहावे असा हुकूम होता. लुकास २०१३ मध्ये वारला. शेवटपर्यंत त्याला ओळखीची माणसे, त्याची जागा आणि औषध मिळत राहिले. 'घरी गेला' अशी गोड अखेर या दोघांच्या गोष्टीला नाही, आणि तरीही ती अपयशाची गोष्ट नाही.

या प्रकरणानंतर धोरणही बदलले. २००९ मध्ये, आधी सरसकट मृत्यू सुचवणाऱ्या संस्थांपैकी एकीने आपली भूमिका बदलली आणि झुंजीतले प्रत्येक कुत्रे स्वतंत्रपणे तपासावे असे मान्य केले.

जन्मभर म्हणजे किती?

'जन्मभर सांभाळू' हे म्हणायला दोन शब्द लागतात. करायला काय लागते ते पाहू.

कणा मोडलेल्या कुत्र्याला बहुधा लघवी आपोआप होत नाही. दिवसातून तीन-चार वेळा पोट हाताने दाबून ती काढावी लागते, रविवारीही आणि नाताळच्या दिवशीही. तो एकाच कुशीवर पडून राहिला तर हाडावरची कातडी फाटते, म्हणून मऊ अंथरूण, कूस बदलणे आणि रोजची धुलाई. चाकांची गाडी बांधली तर तो धावतोही, पण गाडीत दिवसभर ठेवता येत नाही. भित्र्या कुत्र्याला लपायला जागा लागते, आणि रोज त्याच वेळी येणारे तेच माणूस लागते. ते माणूस पहिले कित्येक आठवडे फक्त पाठ करून शेजारी बसते. चावऱ्या कुत्र्यासाठी दोन दरवाजांची खोली हवी, म्हणजे एक उघडा असताना दुसरा बंद राहील. म्हाताऱ्याचे दात, सांधे, मूत्रपिंड पाहावे लागतात. आणि वेदना औषधाने आवरेनाशा झाल्या की शांत मरण देण्याचा निर्णयही त्याच माणसांना घ्यावा लागतो. जन्मभर सांभाळणे म्हणजे यातना लांबवणे नव्हे.

कुत्रे बारा-पंधरा वर्षे जगते. आज दोन वर्षांचे अपंग कुत्रे आत घेतले तर ती खोली पुढची दहा वर्षे भरलेली राहते. म्हणून चांगल्या आश्रमाला कधी कधी दारावर 'जागा नाही' असे सांगावे लागते. ते ऐकायला कठोर वाटते. पण शंभरांच्या जागेत तीनशे कोंबले, तर पुन्हा तीच जुनी पांजरपोळीवरची टीका खरी ठरते.

आपल्या देशात आता हा प्रश्न दाराशी आला आहे. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तो बदलला. नसबंदी व लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडावीत, मात्र रेबीज झालेली किंवा त्याचा संशय असलेली आणि आक्रमक कुत्री सोडू नयेत, असे ठरले. नोव्हेंबरात शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके अशा ठिकाणच्या कुत्र्यांना उचलून पुन्हा तिथे न सोडण्याचा आदेश आला. ज्यांच्या मुलांना कुत्रे चावले आहे त्यांची भीती खरी आहे, तिला कमी लेखून चालणार नाही. पण जे कुत्रे रस्त्यावर सोडायचे नाही आणि जे कोणी घरीही नेणार नाही, ते राहणार कुठे? मुंबईला १८३२ मध्ये पडलेला प्रश्न हाच होता. खोल्या, माणसे आणि दरमहाचा पैसा नसेल तर 'निवारा' हा शब्द फक्त कागदावर राहील.

कुत्र्याने सांभाळलेला संत

१६ ऑगस्टला संत रॉकचा सण येतो. गोव्यात त्याच्या नावाची कपेले आहेत, आणि मूर्तीच्या पायाशी तोंडात पाव धरलेले कुत्रे असते. परंपरा सांगते की प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता रॉकला स्वतःलाच प्लेग झाला. आपला रोग दुसऱ्याला लागू नये म्हणून तो रानात जाऊन पडला. तेव्हा एक कुत्रे रोज त्याला भाकरी आणून देई आणि त्याच्या जखमा चाटी. त्या वेळी कोणी घरी न नेणारा रॉकच होता.

लूकच्या शुभवर्तमानातला लाजर आठवा. श्रीमंताच्या दारी तो फोडांनी भरलेला पडला होता. त्या दारातून कितीतरी माणसे आली-गेली असतील. त्याच्याजवळ थांबली ती कुत्री. या कुत्र्यांना लाजराकडून काय मिळणार होते? त्याच्याकडे तर तुकडाही नव्हता.

ज्याच्याकडून परतफेड होणार नाही त्याला सांभाळणे ही ख्रिस्तसभेला नवी गोष्ट नाही. आपले वृद्धाश्रम, कुष्ठरोग्यांच्या वसाहती, अपंग मुलांची घरे यावरच उभी राहिली. तिथे कुणी बरे होऊन जाईलच या अटीवर कोणाला घेतलेले नाही. मुक्या प्राण्यांच्या बाबतीत खंभातच्या त्या चष्मेवाल्या वृद्धाने आणि मुंबईच्या पारशी-जैन शेठांनी तीच गोष्ट आपल्याआधी ओळखली. आपण ती त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा नाही.

मग धर्मग्रामातल्या आपल्यासारख्यांनी काय करावे? आम्हाला चार साध्या गोष्टी सुचतात. पाळलेले कुत्रे म्हातारे झाले म्हणून ते निवाऱ्याच्या फाटकाशी किंवा देवळाच्या आवारात सोडू नये. आवारातल्या कुत्र्यांची नसबंदी व लस वेळेवर करून घ्यावी, म्हणजे पुढे बेवारस होणारी पिल्लेच जन्मणार नाहीत. एखाद्या आश्रमाला देणगी देण्याआधी विचारावे : जागा किती, कुत्री किती, रात्री कोण असते, वैद्य कधी येतो? आणि द्यायचेच तर एकदाच मोठी रक्कम देण्याऐवजी एका कुत्र्याचा महिन्याचा खर्च ठरवून, तो दर महिन्याला द्यावा. पाच-सहा कुटुंबे मिळून एक कुत्रे सहज सांभाळू शकतील. शक्यतो त्यांनी असे कुत्रे निवडावे जे फोटोत चांगले दिसत नाही.

तो आपला लागा. कापसाच्या गासडीमागे नाही, तर आपल्या महिन्याच्या मिळकतीमागे.

हे प्रभो, ज्यांना कोणी नेत नाही त्यांना ठेवून घेणाऱ्या हातांना तू बळ दे. आमेन.